‘नाटकं करते’ म्हणणाऱ्यांना

‘नाटकं करते.’ ‘सोंग घेते.’ ‘विचारलं की भिंतीकडे बघत बसते.’ ‘आज एक सांगते, उद्या दुसरंच.’ ‘बाहेरचं लागलंय तिला.’ ‘डोक्यानं अर्धवट आहे.’

मी ज्या समुपदेशन केंद्रात काम करते तिथे बाईला घेऊन येणारी माणसं तिच्याबद्दल असं बोलतात, आणि तिच्या तोंडावर बोलतात. सासरची बोलतात, माहेरची बोलतात, ठाण्यातले हवालदार बोलतात, दवाखान्यातले डॉक्टरही बोलतात. शब्द वेगळे, आरोप एकच: ही बाई खोटी आहे.

आता ती बाई स्वतः काय सांगते ते ऐका. ‘ताई, तो मारत होता तेव्हा मी तिथं नव्हतेच.’ ‘मी आढ्यावरनं बघत होते, खाली दुसरीच कुणी पडली होती.’ ‘हे हात माझे वाटतच नाहीत.’ ‘सगळ्यांचे आवाज विहिरीतनं आल्यासारखे येतात.’ ‘दुपार कुठं गेली आठवत नाही, भाकऱ्या मात्र थापलेल्या होत्या.’

या दोन याद्या एकाच गोष्टीच्या आहेत. पहिली बाहेरून बघणाऱ्यांची, दुसरी आतून भोगणारीची. पोलिसांचा पंचनामा, कोर्टाचा निकाल, जातपंचायतीचा निवाडा, सगळं पहिल्या यादीवरून चालतं. दुसरी यादी लिहून घ्यायची सोय कुठेच नाही. ती सोय आपण करायला हवी, असं मला या लेखात मांडायचं आहे.

डॉक्टरी भाषेत या अवस्थेला डिसोसिएशन म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट अवघड नाही. आपली जाणीव, आठवण, शरीराची संवेदना, ‘ही मी’ हे भान हे सगळं एरवी मोळीसारखं एकत्र बांधलेलं असतं. भीती असह्य झाली, लढायला बळ नाही आणि पळायला दार नाही अशी वेळ आली, की त्या मोळीची दोरी सुटते. शरीर तिथेच राहतं, मार खातं, कधी कामही करत राहतं. भान मात्र बाजूला निघून जातं. वेदना कमी जाणवते. जीव वाचवण्याची ही शरीराची जुनी युक्ती आहे. ती कुणी ठरवून करत नाही, म्हणूनच तिला सोंग म्हणणं चूक आहे. अडचण पुढे येते. एकदा सुटायला शिकलेली दोरी मग मार नसतानाही सुटू लागते. किल्लीचा आवाज, दारूचा भपकारा, कुणी मागून घातलेला हात, साहेबांचा चढा स्वर एवढंही पुरतं.

‘हे आपलं काम नव्हे’

हा विषय काढला की कार्यकर्त्यांच्या बैठकीत दोन आक्षेप हमखास येतात. दोन्ही मनापासूनचे असतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप असा की बाईच्या दुःखाला आजाराचं नाव दिलं, की मारणारा सुटतो आणि मार खाणारी रुग्ण होते. या भीतीला आधार आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांनी बायकांच्या अशा अवस्थांना ‘हिस्टेरिया’ म्हटलं. ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या नावावरून घेतलेला शब्द! म्हणजे दोष बाईच्या बाईपणातच. पियेर जाने या फ्रेंच अभ्यासकाने १८८९ साली भान तुटण्याची ही प्रक्रिया मांडली, तिचा संबंध मनावरच्या आघाताशी जोडला. फ्रॉइडने १८९६ साली व्हिएन्नात सांगितलं की या बायकांच्या दुखण्याचं मूळ लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचारात आहे. पुढच्याच वर्षी त्याचा त्यावरचा विश्वास डळमळला, आणि नंतर त्या आठवणी म्हणजे बहुतांशी कल्पनाविलास ठरल्या. थोरामोठ्यांच्या घरातले बाप आणि काके सुटले, मुली खोट्या ठरल्या. मग पहिल्या महायुद्धात खंदकातून परतलेले सैनिक तसेच थिजू लागले, मुके होऊ लागले. तेव्हा मात्र त्यात तोफांचाही हात असेल असा विचार डॉक्टरांना करावा लागला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी अमेरिकेत रेटा लावला तेव्हा कुठे १९८० साली आघातानंतरच्या त्रासाला तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली. ज्युडिथ हर्मन या स्त्रीवादी मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली आपल्या पुस्तकात युद्धकैदी आणि नवऱ्याच्या घरातली बाई यांना एका ओळीत बसवलं, ते या इतिहासामुळे.

आपल्याकडची गोष्ट आणखी जवळची. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण म्हणून नोंदलेलं आहे. नवऱ्याचा वकील त्याचा वापर कसा करतो हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. गोळ्यांची एक चिठ्ठी सापडली, की बायको वेडी, मुलं नवऱ्याकडे.

पण म्हणून आपण या विषयाकडे पाठ फिरवायची का? पाठ फिरवली तर ती चिठ्ठी लिहिणं थांबत नाही. आपल्याला काही कळत नाही एवढंच घडतं, आणि वकील बोलेल ते खरं ठरतं. ज्या कार्यकर्तीला ही अवस्था ओळखता येते तीच ठणकावून सांगू शकते, की साहेब, हे दुखणं मारण्यातून आलं आहे, तेव्हा हा मारहाणीचा पुरावा म्हणून बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३ आपल्या बाजूचं आहे. समाजाच्या, घराच्या रीतीभाती न पाळणं यावरून कुणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही, आणि आजार आहे असं ठरलं तरी तेवढ्यावरून ती व्यक्ती ‘मन ठिकाणावर नसलेली’ होत नाही. तसं न्यायालयानं जाहीर करावं लागतं. हे कलम आपल्यापैकी किती जणींच्या पिशवीत आहे?

दुसरा आक्षेप असा की हे डॉक्टरांचं काम. डॉक्टर लागतो, ते पुढे सांगते. पण मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो आणि बाई आपल्यासमोर, आपल्या सतरंजीवर थिजलेली असते. जिल्ह्याची एसटी मिळेपर्यंत काय करायचं? शिवाय अर्धवट घाईत दहा गोळ्या लिहून तिला त्याच घरी, त्याच माणसाच्या हवाली करणाऱ्या डॉक्टरांवर हे काम सोडून आपण मोकळ्या होणार आहोत का?

खोटी साक्ष कुणाची?

मथुरेचं नाव आपल्या चळवळीत कुणाला सांगावं लागत नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयानं तिलाच खोटारडी ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं भीतीपोटी निमूट होणं म्हणजे संमती नव्हे असं म्हणून पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, तेव्हा संमती होती, असा तर्क लावला. १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्या रात्री मथुरेच्या मनात काय चाललं होतं हे तिच्यावतीने सांगायचा मला हक्क नाही. माझा वाद त्या तर्काशी आहे. प्रतिकार केला नाही म्हणजे तयार होती, हा तर्क शरीराच्या अज्ञानावर उभा आहे. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीची मदत देणाऱ्या केंद्रात आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के बायकांनी अत्याचाराच्या वेळी शरीर मोठ्या प्रमाणात थिजल्याचं, हलता-ओरडता न आल्याचं सांगितलं. थिजणं आणि भान तुटणं या अगदी एकच गोष्टी नव्हेत, पण सख्ख्या बहिणी आहेत. आपल्या कायद्यानंही २०१३ च्या दुरुस्तीत मान्य केलं की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून बाईची संमती होती असं धरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ते वाक्य कायम आहे.

कायदा बदलला, ठाण्यातलं टेबल बदललं नाही. आमच्या केंद्रातली एक बाई जबाबात वार चुकली. आधी मंगळवार म्हणाली, मग बाजाराचा दिवस म्हणाली. दिराने पकडलं तेव्हा काय नेसली होती ते आठवेना, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोणत्या देवाचं चित्र होतं ते तिनं बारकाव्यासकट सांगितलं. अंमलदारानं पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाला, ‘बाई, तुम्हीच बघा, हिचं हिला ठरवता येईना.’ मोळी सुटलेल्या वेळची आठवण अशीच असते. तुकडे लख्ख, मधलं सगळं कोरं. घोटून पाठ केलेल्या खोट्या जबाबाला अशी भगदाडं कशाला असतील? पण ठाण्याच्या हिशोबात भगदाड म्हणजे खोटेपणा. ती तक्रार तिथेच बारगळली, आणि बाई त्याच घरात परत गेली जिथे दीर राहतो. म्हणून मी या विषयावर एवढी अडून बसले आहे.

सुरुवातीलाच ओळखा

तंद्री सगळ्यांनाच लागते. गाडीत खिडकीशी बसलं की गाव कधी गेलं कळत नाही. त्याला दुखणं म्हणायचं कारण नाही. अंगात येण्याचंही तसंच. जत्रेत, देवीच्या पुढ्यात, रिवाजानं आणि स्वखुशीनं येणारं अंगात येणं जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही आजार धरलेलं नाही. एरवी जिला तोंड उघडायची मुभा नाही तिला तेवढीच एक जागा असते, तिच्यावर हसू नका. काळजीची गोष्ट तेव्हा, जेव्हा हे नको असताना येतं, पुन्हा पुन्हा येतं, ठराविक आवाजानं, वासानं, माणसानं येतं आणि दिवसाचा तुकडा घेऊन जातं.

बोलता बोलता काय दिसतं ते सांगते. नजर एका जागी खिळते, पापणी लवत नाहीशी होते. आवाज सपाट होतो, जणू दुसऱ्याची बातमी वाचून दाखवते आहे. ‘मी’ जाऊन ‘ती’ येते: ‘मग तिला त्यानं ओढलं.’ वाक्य मध्येच तुटतं आणि तुटल्याचं तिला कळत नाही. प्रश्नाला उत्तर उशिरा येतं. भयानक गोष्ट सांगताना ती हसते. घरी विचारलं तर कळतं, दूध उतू जाताना समोर उभी होती, चटका बसला तो फोड आल्यावर कळला, दुकानापर्यंत गेली आणि कशाला आलो ते आठवेना. त्याआधी काही क्षण बऱ्याच जणींना खूण मिळते: डोकं जड होतं, कान बंद झाल्यासारखे वाटतात, बोटं बधिर होतात, समोरचं सपाट, चित्रातल्यासारखं दिसतं. ही सुरुवातीची खूण तिची तिला ओळखता आली तर अर्धी लढाई तिच्या हातात येते.

एक सावधगिरी. सगळंच मनाचं असं धरू नका. डोक्यात मार बसला असेल, पडताना जीभ चावली असेल, कपड्यात लघवी झाली असेल, मधुमेह असेल, अशी शुद्ध पहिल्यांदाच हरपली असेल, तर आधी दवाखाना. गरोदर बाईला झटका आला तर एक मिनिट दवडू नका. ‘टेन्शन आहे’ म्हणून परत पाठवणाऱ्या डॉक्टरला विचारा, नवऱ्यानं हिचं डोकं भिंतीवर आपटलं आहे, ते तपासलंत का?

त्या क्षणी काय करायचं

प्रश्न थांबवा. फॉर्म बाजूला ठेवा. घरगुती हिंसाचाराच्या घटनेचा अहवाल अर्ध्या तासानं भरला तरी चालतो. तिच्या नावानं, साध्या आवाजात हाक मारा. तुम्ही कोण, ही जागा कोणती, आज वार कोणता, दाराबाहेर कोण आहे आणि कोण नाही, हे सांगा. विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका. प्रेमाचा हातही त्या क्षणी कुणाचा वाटेल सांगता येत नाही. पाय जमिनीला घट्ट टेकवायला सांगा, पाठ भिंतीला. हातात गार पाण्याचा पेला द्या. लवंग, ओवा, आल्याचा तुकडा चावायला द्या. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा, मग चार आवाज ओळखायला. डोळे मिटायला लावू नका. ‘दीर्घ श्वास घे, मन आत वळव’ हे शिबिरातलं लाडकं वाक्य इथं उलटं पडू शकतं, कारण आतच तर ती हरवली आहे. तिला बाहेर, या खोलीत, आजच्या तारखेत आणायचं आहे.

कांदा, चप्पल हुंगवणं, गालावर चापट्या, तोंडावर पाणी, अंगारा-धुपारा हे सगळं बंद. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो कायदा यावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले, आणि त्यांच्या खुनानंतर तो आला, हे विसरू नका.

भानावर आल्यावर ‘कुठं गेली होतीस?’ असं दरडावून विचारू नका. काय झालं ते तुम्ही सांगा: ‘तू पाच मिनिटं गप्प होतीस, मी इथंच होते.’ चहा द्या. मग सवडीनं तिच्याबरोबर तिची यादी करा: कशानं सुरू होतं, आधी काय जाणवतं, कशानं परत येता येतं. पदराला मारलेली गाठ, पर्समधली लवंगेची पुडी, शेजारणीशी ठरवलेली खूण, ज्याला जे जमेल ते. उपाशी पोट आणि मोडलेली झोप यांनी त्रास वाढतो, तेव्हा जेवण आणि झोप हा ‘चैनीचा’ विषय नाही. त्रास वाढत असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर ऐकून घेणारा समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ शोधून सोबत जा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

सहन करायला शिकवायचं नाही

एक धोका उघड बोलायला हवा. ही सगळी कौशल्यं शिकवून बाईला त्याच घरात अजून दहा वर्षं मार खाण्याजोगी करायची असेल, तर हे काम न केलेलं बरं. ‘सबुरीनं घे’ हे सासूचं वाक्य समुपदेशकाच्या तोंडून आलं तरी ते सासूचंच राहतं. हर्मन यांनी बरं होण्याच्या पायऱ्या सांगितल्या त्यात पहिली सुरक्षितता आहे. आठवणं आणि शोक करणं त्यानंतर. घाव अजून पडतो आहे तोवर तिची ढाल हिसकावून घेऊ नका. आधी घर, पैसा, संरक्षण आदेश, मुलांची शाळा, मग आठवणी.

हेच आपल्या शिबिरांनाही लागू आहे. गोल करून बसायचं, दिवा मंद करायचा आणि ‘आज मन मोकळं करा’ म्हणत बाईला सगळं ओकायला लावायचं, ही रीत बंद व्हायला हवी. मोर्चाच्या ट्रकवर, पत्रकारांसमोर पीडित बाईनं उभं राहून सांगितलंच पाहिजे हा हट्टही. चळवळीला तिची साक्ष हवी असते, पण साक्ष देऊन ती रात्री ज्या खोलीत झोपते तिथं आपण नसतो. ती ठणठणीत बोलली म्हणजे ‘सक्षम’ आणि गप्प बसली म्हणजे ‘अजून जागृत नाही’, हे मोजमाप मला मान्य नाही. ठाण्यातल्या अंमलदाराचं मोजमापही तेच होतं.

म्हणून माझ्या मागण्या आहेत, सरकारकडे आणि आपल्याकडेही.

सरकारकडे: बलात्कारित बाईचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, नातेवाईक किंवा त्या भागातल्या समाजकार्यकर्तीसमोर घ्यावा, ही तरतूद २००८ च्या दुरुस्तीनं आली आणि नव्या संहितेतही आहे. ती अमलात आणा. थिजणं आणि आठवणीतली भगदाडं म्हणजे काय, हे पोलीस आणि सरकारी वकिलांच्या प्रशिक्षणात शिकवा. मुंबईच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं, रुग्णालयातच हिंसाग्रस्त बाईला आधार देता येतो हे त्यानं दाखवलं. तसं केंद्र प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवं.

आपल्याकडे: प्रत्येक केंद्रात दोघी मिळून ऐकायला बसा, एक लिहील आणि एक बाईकडे बघेल. तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहा. ‘मी आढ्यावरनं बघत होते’ याचं ‘पीडिता गोंधळलेली होती’ असं करू नका. एकाच बैठकीत सगळं संपवायची घाई नको. आणि दिवसाला पाच-पाच कहाण्या ऐकणाऱ्या कार्यकर्त्याही बधिर होतात, चौथ्या बाईच्या वेळी शब्द नुसते कानावरून जातात. तेव्हा त्यांनाही सुट्टी द्या.

पुढच्या विभागीय शिबिरात या विषयाला एक आख्खा दिवस द्या, असं मी सुचवते. त्या दिवशी कुणालाही स्वतःची कहाणी सांगायला लावू नका. फक्त शिकूया. ज्यांना हे पटत नाही त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर सविस्तर लिहावं, मी उत्तर देईन. मात्र तोवर ‘नाटकं करते’ हा शब्द आपल्या केंद्राच्या उंबऱ्याच्या आत कुणी उच्चारला, तर त्याला तिथल्या तिथे अडवा, मग तो हवालदार असो, डॉक्टर असो की आपलीच एखादी ताई.